वल्लरीसाठी भरलेली बॅग

८ ऑक्टोबर २०१७, रविवार. क्लेमेंटी, सिंगापूर.

रोजनिशी सुरू. कुणी वाचावी म्हणून नाही. मनातलं कागदावर काढलं की डोकं मोकळं राहतं, असं ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. माझं डोकं मोकळंच आहे. तरी आपली प्रिकॉशन.

बातमी : काल सांगलीहून विद्याताईंचा फोन आला. विद्याताई म्हणजे दत्तक संस्थेच्या सोशल वर्कर. कोर्टाची ऑर्डर हातात आली, मुलीचा पासपोर्ट झाला, आता या आणि तिला घेऊन जा, म्हणाल्या. दोन वर्षं जो तो 'थांबा' म्हणत होता. एकदम 'या' म्हटल्यावर मी जरा... काही नाही. आनंद झाला.

मुलीचं नाव वल्लरी. दहा महिने पूर्ण. नाव संस्थेतच ठेवलंय, आम्ही बदलणार नाही. उल्काला फार आवडतं. उल्का माझी बायको. (हे मला माहीत आहे, पण डॉक्युमेंटेशन म्हणजे डॉक्युमेंटेशन.)

फोन ठेवल्यावर उल्का स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी रडलो नाही. मी बॉम्ब शेल्टरमध्ये जाऊन सगळ्यात मोठी बॅग बाहेर काढली. इथे फ्लॅटला बॉम्ब शेल्टर असतं आणि लोक त्यात बॉम्ब सोडून बाकी सगळं ठेवतात. उल्का म्हणाली, अरे हेमचंद्र, अजून महिना आहे. म्हटलं, म्हणूनच.

निरीक्षण : उल्का घाबरली आहे. दोघांच्या वाटचं शांत मलाच राहावं लागणार.

१० ऑक्टोबर, मंगळवार

बॅगेचं प्लॅनिंग तयार. वन-नॉर्थच्या आमच्या ऑफिसात बसून मी बँकांची सॉफ्टवेअरं चार देशांत लाइव्ह केली आहेत. एक बॅग म्हणजे किस झाड की पत्ती!

संकल्प : बाळाचं सामान आधी, आपलं मागून. बॅग निघायच्या आठवडाभर आधी बंद. मग उघडायची नाही म्हणजे नाही.

आज बॅगेत गेलेलं सामान : ताप, जुलाब, अ‍ॅसिडिटी, लचक आणि प्रवासातली मळमळ यांवरची औषधं. सगळी मोठ्या माणसांची. लहान मुलांची औषधं डॉक्टरांना विचारून घ्यावी लागतात, उगीच घाई नको.

ऑगस्टमध्ये कोर्टाच्या तारखेला उल्का एकटी गेली होती. वल्लरीला तिने तेव्हाच मांडीवर घेतलं. मला जाता आलं नाही, माझा रिलीज होता. (रिलीज नंतर पुढे ढकलला गेला, तो भाग वेगळा.) म्हणजे मुलीची आईशी ओळख झालेली आहे. बापाशी व्हायची आहे. त्यात विशेष काही नाही. मी लोकांशी पटकन जमवून घेतो.

१४ ऑक्टोबर, शनिवार, संध्याकाळ

वल्लरीचे कपडे आणायला मॉलमध्ये गेलो. एकटाच गेलो, उल्काला उगीच दगदग नको.

एक पिवळा फ्रॉक हातात घेतला. पाठीला तीन बटणं. बटणं कसली, साबुदाणे! माझं बोट बटणाहून मोठं. ही बटणं लावताना पोरगी हलली तर? रडली तर? संस्थेतली बाई नीट लावायची, हा माणूस कोण, असं तिला वाटलं तर? फ्रॉक परत ठेवला. सेल्सगर्लने विचारलं, किती महिन्यांची आहे. मी म्हटलं, जस्ट लुकिंग.

येताना आणलेलं सामान : पॉवर बँक, डास मारायची बॅट, आणि भारतातल्या प्लगला चालेल असा अ‍ॅडॅप्टर. भारतात मी आयुष्याची अठ्ठावीस वर्षं काढली, पण पिनांचा काय भरवसा.

नाशिकहून आईचा फोन. तिचं म्हणणं, बाळ घरात आल्याशिवाय त्याच्यासाठी नवं काही आणू नये. पहिली झबली जुनीच बरी, मऊ असतात. शैलामावशीच्या नातवाची धुऊन ठेवलीत म्हणे. मी स्पष्ट सांगितलं, आई, मी इंजिनिअर माणूस, असलं काही मानत नाही. फोन ठेवल्यावर विचार केला, न मानणाऱ्या माणसानेही खरेदी थांबवायला हरकत नाही. वजनाचाही प्रश्न आहे.

मागच्या वेळी आम्ही सगळं आधीच आणून ठेवलं होतं. पाळणासुद्धा. मग पाचव्या महिन्यात... त्या विषयावर लिहायचं नाही असं ठरलेलं आहे.

१८ ऑक्टोबर, बुधवार. दीपावलीची सुट्टी.

गोपीनाथकडे फराळाला. गोपीनाथ मरीन इंजिनिअर, आमच्याच ब्लॉकमध्ये राहतो. सहा महिने जहाजावर, मग घरी. गेल्या आठवड्यातच आला. त्याच्या बायकोच्या, शिवांगीच्या, चकल्या उत्तम. त्यांच्या सात वर्षांच्या अनघाच्या बाहुलीवर मी डायपरची प्रॅक्टिस केली. तीन वेळा केली. अनघाने बघून सांगितलं, अंकल, लाइक दॅट कॅनॉट लाह (लाह हे इथल्या इंग्रजीचं शेपूट), ऑल कम आउट. हल्लीच्या मुलांना मोठ्यांशी कसं बोलावं ते कळत नाही.

गोपीनाथने आपणहून एक किस्सा सांगितला. अनघा वर्षाची असताना तो जहाजावरून आला, तर त्याला पाहून तिने असं भोकाड पसरलं की शेजारी दार वाजवून गेले. दुसऱ्या खेपेला बोलायला लागली होती, तर आईला म्हणाली, या अंकलना त्यांच्या घरी पाठव. पोटची पोर! मी हसलो. तोही हसला. मग म्हणाला, दर वेळी बॅग खाली ठेवताना माझे हात कापायचे रे, समुद्रात वादळात कधी कापले नाहीत.

गोपीनाथ माणूस चांगला, पण त्याच्याकडे तयारी नव्हती. मी तयारीने जाणार. चकली नंतर जड गेली, जेवलो नाही.

२१ ऑक्टोबर, शनिवार

विद्याताईंचा मेसेज. दोघांनी अंगावर वापरलेला, न धुतलेला एकेक सुती कपडा कुरिअर करा. वल्लरीच्या गादीवर ठेवतो. वासाची सवय झाली की पहिल्या दिवशी मूल बावरत नाही. कल्पना चांगली आहे.

उल्काने रोज अंगावर घेऊन झोपते ती जुनी साडी दिली, घडीही न घालता. मी माझा मॅरेथॉनचा टी-शर्ट निवडला (मॅरेथॉन धावलो नाही, रजिस्ट्रेशन केलं होतं). मंगळवारपासून घालून होतो. आज काढला आणि वास घेतला.

क्लेमेंटीच्या हवेत चार दिवस. काय सांगावं! हा वास म्हणजे माझी आणि मुलीची पहिली भेट? छे. पहिलं इम्प्रेशन एकदाच होतं. शिवाय 'न धुतलेला' हे विद्याताईंनी संकोचाने लिहिलं असणार. धुऊन पाठवा, असं कोण कुणाला सांगतं?

उल्का भाजी आणायला गेली तेवढ्यात टी-शर्ट डेटॉलमध्ये भिजवला, सॉफ्टनरमध्ये दोनदा काढला, इस्त्री केली आणि झिपलॉकच्या पिशवीत घालून पार्सलमध्ये ठेवला. अगदी नव्यासारखा झाला होता.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

विद्याताईंचा फोन. स्पीकरवर होता, हे दुर्दैव.

साडी वल्लरीने कवटाळून घेतली. आता झोपताना तीच लागते. टी-शर्ट जवळ नेला तर ती दोनदा शिंकली. विद्याताईंनी हसत विचारलं, सरांचा टी-शर्ट दुकानातून नवा आणलात का?

उल्काने माझ्याकडे पाहिलं. मी हायजीन या विषयावर थोडं बोललो. तिने फोन बंद करून ठेवला. मग म्हणाली, हेमचंद्र, तिला तुझा वास हवा होता रे, तुझी इस्त्री नको होती. दुसरा पाठवायला आता वेळ नाही.

ठीक आहे. वास हा एकच मार्ग नाही. आवाज आहे, चेहरा आहे. व्हिडिओ कॉल मागितला.

३० ऑक्टोबर, सोमवार

व्हिडिओ कॉल झाला. मी निळा शर्ट घातला, बाळांना निळा रंग आवडतो असं वाचलं होतं. सुरुवातीचे शब्द पाठ करून ठेवले होते. 'वल्लरी, मी बाबा' असे.

ती पंख्याकडे बघत होती. मी म्हटलं, वल्लरी, मी हेमचंद्र. असं का म्हटलं कळत नाही. ऑफिसच्या कॉलची सवय असावी. ती अजून पंख्याकडेच. मग उल्काने नुसतं 'ए मनी' म्हटलं, तर खालचे दोन दात दाखवून हसली.

दोन दात आहेत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बघतच राहिलो. तेवढ्यात नेट गेलं.

निष्कर्ष : तिकडचं नेट फार वाईट आहे. उद्यापासून आरशासमोर 'मी बाबा' दहा वेळा.

४ नोव्हेंबर, शनिवार

आज ट्रायल रन. बाळाला छातीशी बांधायची पिशवी उल्काच्या मैत्रिणीने दिली आहे. जास्मिन तांदळाची पाच किलोची थैली त्यात बसवली, वरून दुपटं घातलं आणि क्लेमेंटीहून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, बुओना व्हिस्टापर्यंत गेलो. उल्काला सांगितलं नाही. आत्मविश्वास एकट्यानेच कमवायचा असतो.

गाडीत एका चिनी आजीबाईंनी उठून मला राखीव सीट दिली. नाकारणं बरं दिसलं नसतं. त्यांनी विचारलं, मुलगा की मुलगी. मी म्हटलं, मुलगी. तोंडातून पटकन गेलं आणि जीव कसा हरखला, काय सांगू! पहिल्यांदाच परक्या माणसाला सांगितलं. त्यांनी दुपटं जरा बाजूला करून आत पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. नंतर पुढच्या स्टेशनावर उतरेपर्यंत त्या दाराजवळ उभ्या राहिल्या.

बुओना व्हिस्टाला एस्कलेटरवर बकल सुटलं. थैली खाली. फुटली. तांदूळ पार खालच्या पायरीपर्यंत. स्टेशनचा माणूस झाडू घेऊन आला, मी त्याला पाच वेळा सॉरी म्हटलं आणि तिथेच बाकावर बसलो.

तांदूळच होता. तांदूळच होता. बकल सदोष आहे.

८ नोव्हेंबर, बुधवार, संध्याकाळ

आठवडाभर आधी बंद करायची ठरलेली बॅग आज, चार दिवस आधी, बंद केली. म्हणजे जवळजवळ वेळेवर. बॅगेवर बसून चेन लावली. उल्का ऑफिसातून आली आणि म्हणाली, उघड बघू.

म्हटलं, उघडायची नाही असा संकल्प आहे. तिने उघडली.

बॅगेत होतं ते असं. टायगर बामच्या बाटल्या, संस्थेतल्या सगळ्यांना, आईला, मावशीला, कोर्टातल्या वकिलांना, आणि कुणी सुटलंच तर म्हणून जास्तीच्या. चॉकलेटं. कॉफी. माझे फॉर्मल शर्ट. औषधांचा डबा. ब्लडप्रेशरचं मशीन. डासांची बॅट. ऑफिसचा लॅपटॉप, त्याचा चार्जर, चार्जरचा चार्जर. गळ्याभोवतीची उशी. मुलांच्या मानसशास्त्रावरचं जाडजूड पुस्तक, अजून प्लास्टिकमध्ये.

उल्का जमिनीवर बसली आणि एकेक वस्तू बाहेर काढत गेली. रागावली नाही. शेवटी रिकाम्या बॅगेत बघत म्हणाली, यात तिचं काय आहे?

मी म्हटलं, सगळं तिच्यासाठीच आहे, मी धडधाकट राहिलो तर ती राहील. स्वतःलाच ते पटेना.

ती उठली, कपाटातून एक लहान बॅग काढून माझ्यासमोर ठेवली. झबली, टोपडी, वाटी-चमचा, दुधाची बाटली, खुळखुळा, नाचणीचं सत्त्व. ऑगस्टपासून एकेक करून जमवत होती. माझ्यापासून लपवून, मला त्रास होईल म्हणून. मी विचारलं, आधी आणायला तुला भीती नाही वाटली? मागच्या वेळचं... ती म्हणाली, वाटते ना रे. रोज वाटते. पण ती पोरगी तिकडे आपली वाट बघतेय, घाबरून बसायला वेळ कुणाला आहे?

नोंद : उल्का घाबरली आहे, हे तिने आज कबूल केलं. माझं पहिल्या दिवसाचं निरीक्षण बरोबर होतं.

९ नोव्हेंबर, गुरुवार

ऑफिसात बॉसला आपणहून सांगितलं, प्रोजेक्टला अडचण असेल तर मी रजा पुढे ढकलू शकतो. टीमची जबाबदारी असते. बॉसला तीन मुलं. तो म्हणाला, काही अडचण नाही, गो लाह, काँग्रॅट्स. मी म्हटलं, नीट विचार कर. त्याने केला नाही.

घरी येऊन उल्कापुढे एक प्रपोजल मांडलं. तू पुढे हो, वल्लरी तुला ओळखते, तुमचं जमेल. मी आठवड्याने येतो. तोवर इथे घर लावून ठेवतो. प्रपोजलमध्ये तसं वाईट काही नव्हतं.

उल्का कणीक मळत होती. हात तसेच ठेवून म्हणाली, ऑगस्टमध्ये कोर्टात मला विचारलं, वडील कुठे आहेत. मी म्हटलं, येतील. आता हे मला दुसऱ्यांदा म्हणायला लावू नकोस, हेमचंद्र. परत कणीक मळायला लागली. कणीक कधीच मळून झाली होती.

प्रपोजल मागे घेतलं.

१२ नोव्हेंबर, रविवार, दुपार. चांगी विमानतळ.

मी शांत आहे. पोट बिघडलंय, पण तो लाक्साचा (नारळाच्या तिखट रश्श्यातल्या शेवया) दोष. उल्का म्हणते, लाक्सा मी परवा खाल्ला होता. काही पदार्थ उशिरा बाधतात.

काउंटरवर बॅग जास्त वजनाची निघाली. (टायगर बाम मी परत भरले होते. रिकाम्या हातांनी कसं जायचं? लोक काय म्हणतील, सिंगापूरहून आला आणि बाम नाही?) रांगेतल्या लोकांसमोर बॅग उघडून निम्मे बाम उल्काच्या हँडबॅगेत कोंबले. तिच्या लहान बॅगेला तिने हात लावू दिला नाही.

गोपीनाथ सोडायला आला होता. मला मिठी मारून म्हणाला, जा, मर्दा. मी म्हटलं, मला काय झालंय? तो म्हणाला, काही नाही, तू माझा खांदा सोड.

१३ नोव्हेंबर, सोमवार, संध्याकाळ. सांगली.

मुंबईहून टॅक्सीने सांगलीत पोचलो. हॉटेल बरं आहे. उद्या सकाळी अकराला संस्थेत.

उद्याचा प्लॅन : दाढी, पण आफ्टरशेव्ह नाही. चष्मा पुसलेला. सुती कुर्ता. आधी उल्काने पुढे व्हायचं, मी तिच्या मागे दोन पावलं. लगेच हात पुढे करायचे नाहीत. हसायचं, पण दात कमी दाखवायचे. ती रडली तर मागे सरकायचं, मनाला लावून घ्यायचं नाही. पहिल्यांदा बघून रडणं नॉर्मल आहे. पुस्तकात असणारच. (प्लास्टिक काढलेलं नाही.)

ती रडली आणि थांबलीच नाही तर? विद्याताई म्हणतील का, की हिचं यांच्याशी जमत नाही, राहू द्या? असं करतात का? उल्काला विचारलं. ती म्हणाली, ऑर्डर झालीय रे, आपलीच आहे ती, झोप आता. पण ऑर्डर मुलीला वाचता येते का?

१४ नोव्हेंबर, मंगळवार

आली! माझ्याकडे आली! पहिल्याच फटक्यात!

तारीख १४ नोव्हेंबर, म्हणजे बालदिन. हे मी प्लॅन केलेलं नव्हतं, पण केलं असतं तर असंच केलं असतं.

विद्याताई तिला कडेवर घेऊन आल्या. लाल फ्रॉक, केसांना चपचपीत तेल, गालावर काजळाची तीट. मी ठरल्याप्रमाणे उल्काच्या मागे. तिने उल्काकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले. माझ्याकडे! घेतलं. आली. इतकी ऊबदार असतात मुलं, हे कुणी बोलत नाही. तिने माझा चष्मा काढून घेतला. 'मी बाबा' म्हणायचं राहून गेलं, नुसतं 'अगं, अगं' एवढंच म्हणत होतो.

उल्का रडली, विद्याताईंचेही डोळे भरले. मी रडलो नाही. चष्मा तिच्या हातात होता, त्यामुळे नीट दिसत नव्हतं, इतकंच.

गोपीनाथला फोन करून सांगितलं, एक टिपूस नाही काढलं रे! तो म्हणाला, नशीबवान आहेस. नशीब कसलं, तयारी होती.

इतके दिवस कशाला घाबरत होतो? म्हणजे, उल्का कशाला घाबरत होती?

१५ नोव्हेंबर, बुधवार, संध्याकाळ

काही निरीक्षणं.

काल संस्थेतून येताना ती टॅक्सीच्या ड्रायव्हरकडेही गेली. हॉटेलच्या काउंटरवरच्या मॅनेजरकडे गेली. आज भडंग घ्यायला गेलो तर दुकानदाराने नुसतं 'ये' म्हटलं, आणि गेली. त्याच्या गल्ल्यापाशी बसली. आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही. दुकानदार म्हणाला, भलतीच धीट आहे. मी म्हटलं, माझ्यावर गेलीय. मला हसू आलं नाही.

मी खोलीतून बाहेर गेलो तरी काही नाही. परत आलो तरी काही नाही. पडली, कपाळाला खूप लागलं, तर ओठ काढला आणि गप्प. इकडेतिकडे बघितलंसुद्धा नाही, कुणी येतंय का म्हणून.

दुपारी विद्याताई भेटायला आल्या तेव्हा विचारलं. आधी माझी भाषा अशी होती की मुलगी फारच मिळून-मिसळून वागते, लीडरशिप दिसते. विद्याताई शांत बाई. म्हणाल्या, सर, आमच्याकडे मावश्या प्रेमाने करतात सगळं, पण पाळीने करतात. सकाळची मावशी दुपारी घरी जाते. रडून कुणी थांबत नाही, हे यांना लवकर कळतं. म्हणून जो येईल त्याच्याकडे जातात. तुमच्याकडे आली ते तशीच आली, वाईट वाटून घेऊ नका. वेळ लागतो. एक दिवस तुम्ही बाहेर निघालात म्हणून ती रडेल. त्या दिवशी मला फोन करा, मी इथे पेढे वाटीन.

उल्काला हे ऑगस्टपासून माहीत होतं. मला तिने सांगितलं नव्हतं. विचारलं, का नाही सांगितलंस? म्हणाली, तू कशीबशी एक भीती उचलून इथवर आला होतास, दुसरी कुठे देऊ?

१६ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळ

इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही. मी घाबरलोय. पहिल्या दिवसापासून घाबरलेलोच होतो. ती मला बघून रडेल म्हणून घाबरलो होतो, आता ती माझ्यासाठी रडणारच नाही म्हणून घाबरलोय. उद्या चांगीला उतरून एखाद्या परक्या बाईने हात पुढे केला तर ती जाईल तिच्याबरोबर, टाटासुद्धा करणार नाही.

सकाळी तिला दूध पाजलं. मीच पाजलं, सगळं प्यायली. झबल्याचे बंद बांधले, बरे बांधले. मग तिला गादीवर उल्काजवळ बसवलं आणि म्हटलं, बाबा चालला हं. मोठ्याने म्हटलं. पहिल्यांदा 'बाबा' म्हटलं ते हे असं. दार लावून बाहेर पॅसेजमध्ये उभा राहिलो आणि दाराला कान लावला.

काही नाही. चमचा वाटीवर वाजवत होती. जरा थांबलो. अजून जरा थांबलो. देवा, एकदा रड गं बाई. थोडीशी. नुसतं कुरकुरलीस तरी चालेल. आत चमचा वाजतोय आणि बाहेर मी चाळिशीचा बाप्या दाराला डोकं टेकून मुसमुसतोय.

शेजारच्या खोलीतून एक आजोबा वर्तमानपत्र घेऊन बाहेर आले. कुणाच्या तरी लग्नाला आले असावेत. मला बघून थांबले. किल्ली आत राहिली का, विचारलं. मी हो म्हणालो. असं होतं, एवढं काय त्यात, म्हणाले, आणि माझ्या वतीने त्यांनीच दार ठोठावलं.

उल्काने दार उघडलं. वल्लरी तिच्या कडेवर. आम्हा दोघांकडे तिने पाहिलं, खालचे दोन दात दाखवून हसली आणि दोन्ही हात पुढे केले.

आजोबांकडे.

त्यांना कोण आनंद झाला! वर्तमानपत्र माझ्या हातात देऊन त्यांनी तिला घेतलं. म्हणाले, गुणी आहे हो पोर. वर्षाची होत आली ना? अजून माणसं ओळखत नाही वाटतं.

मी म्हटलं, ओळखेल. आजोबांना ऐकू गेलं नसावं, म्हणून परत म्हटलं.